कर्ज कागदावर, वॉरंटी तोंडी

जुनी गाडी विकणाऱ्या डीलरकडे वॉरंटी मागायला गेलेल्या माणसाला साधारण तीनच उत्तरे मिळतात. ‘गाडी बघूनच घेतली होती ना?’ ‘हा पार्ट वॉरंटीत बसत नाही.’ आणि शेवटचे, ‘लिहून कुठे दिलं होतं?’ अमडापूर परिसरात आमच्याकडे कागदांची पिशवी घेऊन येणारी माणसे ही तिन्ही उत्तरे ऐकूनच येतात. पिशवीत कर्जाचा करार असतो, हप्त्यांचा तक्ता असतो, विम्याची प्रत असते. वॉरंटीचा कागद तेवढा नसतो. ‘सहा महिने इंजिनची गॅरंटी’ हे तोंडी ठरलेले असते.

आमचा मूळ मुद्दा इथेच आहे. कर्ज देणारी कंपनी आपल्यावर विश्वास ठेवत नाही. ती पानोपानी सह्या घेते, जामीनदार मागते. त्याबद्दल तिला कोणी उद्धट म्हणत नाही. पण त्याच टेबलावर आपण ‘वॉरंटी लिहून द्या’ म्हटले की समोरचा दुखावतो, ‘भाऊ, विश्वास नाही का?’ म्हणतो. म्हणजे विश्वास ठेवायचा तो दुबळ्याने आणि कागदाचे संरक्षण घ्यायचे ते बलवानाने! ही रीत आम्हाला मान्य नाही. कागद मागणे हा अविश्वास नाही, ती बरोबरीची वागणूक आहे.

‘गाडी परवडते तर तक्रार कशाला?’ असेही काही जण म्हणतात. आमच्या वस्तीत जुनी गाडी घेणारा बहुधा घरातला पहिलाच गाडीवाला असतो. सोयाबीनचे पैसे, बचत गटाचे कर्ज, बायकोचे दागिने हे सगळे त्या गाडीत असते. तीच गाडी तो चिखली-खामगाव रस्त्यावर भाड्याने चालवतो. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही’ असे डीलर सांगतो, पण ते अर्धसत्य आहे. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन वापरणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकच आहे.

दुसरे अर्धसत्य ‘लिहून कुठे दिलं’ हे. या कायद्यात दोषाची व्याख्या फक्त लेखी करारापुरती नाही. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेला दावा त्यात येतो. म्हणून जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘इंजिन एकदम ओके’, पावतीच्या मागे लिहिलेली ओळ, हे सगळे पुरावेच आहेत. ते पुसू नका आणि फोन बदलला तरी जपून ठेवा.

मात्र न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दहा वर्षे वापरलेल्या गाडीचा क्लच झिजला, तर ती प्रत्येक वेळी फसवणूक नसते. झीज वेगळी, लपवाछपवी वेगळी. मीटर मागे फिरवणे, अपघात लपवणे, लेखी वॉरंटीतला भाग दुरुस्त करायला नकार देणे, यावर दाद मागता येते. पण मागणीही मोजून करावी. वॉरंटीत भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन असेल, तर आधी तेच मागायचे असते. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीची मर्यादा अशीच धरली, गाडी बदलून देण्याचा आदेश टिकला नाही.

आता दावा कोणावर करायचा? इथेच आपली माणसे चुकतात. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ साली नवी म्हणून गाडी घेतली. ती निघाली २००९ ची आणि ६२२ किलोमीटर धावलेली. जिल्हा मंचाने गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा असा आदेश डीलर आणि टाटा मोटर्स या दोघांवरही दिला. पण १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले. डीलरच्या या करणीची कंपनीला माहिती होती असे सिद्ध झाले नव्हते. डीलरवरची जबाबदारी मात्र राहिली. धडा सरळ आहे. दारावरची पाटी कोणत्याही कंपनीची असो, पावती आणि वॉरंटी कोणाच्या नावाची आहे ते आधी बघा.

‘मी फक्त मधला माणूस’ म्हणणाऱ्यालाही आता पळवाट कमी आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घेणे नियमात आले. मूळ मालकाने रीतसर कळवून गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिली, की विकेपर्यंत तोच मालक मानला जातो. म्हणून बयाणा देण्याआधी ते अधिकारपत्र मागा. शेजाऱ्याकडून थेट गाडी घेतली असेल तर गोष्ट निराळी. एखाद्याने स्वतःची वापरातली गाडी विकली म्हणून तो व्यापारी ठरत नाही, आणि ग्राहक आयोगाचा रस्ता तिथे सहसा चालत नाही.

वाद झालाच तर काय करावे? दुसऱ्या गॅरेजमध्ये इंजिन उघडण्याआधी डीलरला बिघाड लेखी कळवा, स्पीड पोस्टाने. पंधरा दिवसांची मुदत द्या. जाणकार मेकॅनिककडून बिघाडाचे कारण सहीनिशी लिहून घ्या. हप्ते रागाने थांबवू नका, नाहीतर डीलरशी भांडण बाजूला राहील आणि गाडी ओढून नेली जाईल. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही ऐकले नाही तर बुलढाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. डीलर पुण्याचा असला तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. तारखा पडतील, चकरा होतील, हे खरे. पण गप्प बसण्याची किंमत त्याहून जास्त आहे.

९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी कलम ३२ ला संविधानाचा आत्मा म्हटले, कारण दाद मागण्याचा मार्ग नसेल तर हक्क पोकळ ठरतो. ते कलम मूलभूत हक्कांचे आहे, गाडीच्या वॉरंटीचे नाही. पण विचार तोच. मार्ग बुलढाण्यापर्यंत आलेला आहे, त्यावर चालणारी माणसे कमी आहेत.

आमची सूचना साधी आहे. गावातल्या शिकलेल्या पोरांनी महिन्यातून एक संध्याकाळ विहारात बसावे. ज्याला गाडी, ट्रॅक्टर, मोबाइल घ्यायचा आहे त्याने कागद सहीआधी तिथे आणावा, आणि तो मोठ्याने वाचला जावा. २४ डिसेंबरला ग्राहक दिन असतो. त्या दिवशी हार-भाषणांऐवजी ही पहिली बैठक घ्यावी.