विषाचे कंत्राट आणि करारात नसलेली माणसे

वाचकहो, 'कंत्राट' हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. गटार उपसण्याचे काम नगरपालिका कंत्राटदाराकडे सोपविते, कंत्राटदार ते पोटकंत्राटदाराच्या गळ्यात घालतो, आणि गटारात उतरलेला माणूस गुदमरून मेला म्हणजे तो मुळात नोकर कोणाचा होता, हेच त्याच्या विधवेला प्रथम सिद्ध करीत बसावे लागते. २०१४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला व २०२३ साली ही रक्कम ३० लाखांवर नेली. रक्कम वाढली, 'तो आमचा माणूस नव्हे' हे उत्तर मात्र कचेऱ्यांतून अजूनही ऐकू येते.

आज आपल्यापुढे जे कंत्राट मांडावयाचे आहे ते याहून कितीतरी पटींनी मोठे आहे आणि दूर अमेरिकेत झालेले आहे. त्यातील घाण डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळेलच असे नाही, आणि तिचा काही भाग हजारो वर्षे विषारी राहणार आहे. तथापि कलमांची भाषा वाचली की आपणास ओळखीची वाटेल. म्हणूनच ती आपण वाचावी, असा माझा आग्रह आहे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड नावाचे ठिकाण आहे. १९४३ साली युद्धाच्या निकडीने सरकारने तेथील गावे रिकामी करविली, आणि अणुबाँबसाठी लागणारे प्लुटोनियम तेथे तयार होऊ लागले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेल्या बाँबमधील प्लुटोनियम तेथलेच. अणुभट्टीतून निघालेले युरेनियम अ‍ॅसिडात विरघळवून त्यातून प्लुटोनियम वेगळे काढीत, आणि मागे राहिलेला किरणोत्सर्गी द्राव जमिनीत पुरलेल्या पोलादी टाक्यांत भरून ठेवीत. अ‍ॅसिडाने टाकीचे पोलाद खाऊ नये म्हणून त्यात अल्कली मिसळीत. त्यामुळे तळाशी गाळ बसला, कोठे क्षारांची ढेप जमली, कोठे द्रव तसाच राहिला. प्लुटोनियम काढण्याच्या रीती वेळोवेळी बदलल्या, म्हणून एका टाकीतील माल दुसरीसारखा नाही. अशा १७७ टाक्या आहेत. त्यांत ५ कोटी ६० लाख गॅलन, म्हणजे सुमारे २१ कोटी लिटर विष साठलेले होते. त्यांपैकी १४९ टाक्यांना पोलादाचे एकच कवच आहे, आणि ६७ टाक्या गळल्या असाव्यात असे सरकारचेच अनुमान आहे. टाक्यांचे आयुष्य काही दशकांचे आणि आतल्या मालाचे हजारो वर्षांचे; हा हिशेब टाक्या पुरतानाही चुकलेला होता.

यावर उपाय कोणता? शास्त्रज्ञांनी सांगितलेला उपाय असा की, हा माल काच बनविणाऱ्या द्रव्यांत मिसळावा, सुमारे ११५० अंश सेल्सियस उष्णतेच्या भट्टीत वितळवावा आणि पोलादी पिंपांत ओतून थंड करावा. काच पाण्यात सहजासहजी विरघळत नाही, म्हणून विष तिच्यात कोंडले जाते. १९८९ साली केंद्राचे ऊर्जा खाते, केंद्राचे पर्यावरण खाते आणि वॉशिंग्टन राज्य यांच्यात साफसफाईचा त्रिपक्षी करारही झाला. शास्त्र सांगून मोकळे झाले. पुढचे सारे वकिलांच्या व हिशेबनीसांच्या हाती गेले.

प्रथम सरकारने ठरविले की, जोखीम सर्वस्वी कंपनीची असावी. १९९८ साली ब्रिटिश न्यूक्लियर फ्युएल्स या कंपनीशी सुमारे ६९० कोटी डॉलरचे ठोक किमतीचे कंत्राट झाले. कारखाना कंपनीने आपल्या पैशाने उभारावा, आणि काच तयार होऊन हाती आली म्हणजेच सरकारने दाम मोजावे, अशी त्यातील मूळ अट. ऐकावयास ती फार न्याय्य वाटते. परंतु टाक्यांत नेमके काय आहे हे सरकारलाच पुरते ठाऊक नव्हते. जे ज्ञान सरकारच्या आडात नव्हते ते कंपनीच्या पोहऱ्यात कोठून येणार? २००० सालच्या एप्रिलमध्ये कंपनीने नवा अंदाज दिला तो १,५२० कोटी डॉलरचा, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने कंत्राट मोडले.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २००० सालच्या डिसेंबरात बेक्टेल कंपनीला जे कंत्राट दिले गेले त्यात झालेला खर्च सरकारने भरून द्यावयाचा आणि वर मेहनताना द्यावयाचा, अशी व्यवस्था होती. अंदाज ४३० कोटी डॉलर. २००६ साली तोच अंदाज १,२२६ कोटींवर गेला. आराखडा पुरा झालेला नसतानाच बांधकाम सुरू करण्यात आले होते. काम झपाट्याने उरकावे हा त्यामागील हेतू. सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या घाईवर वारंवार टीका केली. शेवटी माल वेगळा करण्याच्या मुख्य इमारतीचे बांधकाम तांत्रिक शंकांमुळे २०१२ साली थांबवावे लागले. पहिल्या कंत्राटात जोखीम उचलणारा पळून गेला, दुसऱ्यात जोखीम कोणाच्याच अंगाला लागली नाही. माझ्या मते दोहोंत दुसरे अधिक वाईट, कारण ज्याला विलंबाचा तोटा नाही त्याला घाईचाही विचार करावा लागत नाही आणि चुकीचाही.

कुंपणाने शेत खाल्ल्याची उदाहरणेही येथे आहेत. टाक्यांची देखरेख करणाऱ्या एका कंपनीने न केलेल्या कामाचे तास लावल्याच्या प्रकरणात २०१३ साली १ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड केली. २०१६ साली बेक्टेल व तिची सहकारी कंपनी यांनी हलक्या प्रतीच्या मालाचे व कामाचे पैसे लावल्याच्या आरोपावरून १२ कोटी ५० लाख डॉलर भरले; दोष मात्र कबूल केला नाही. २०२० साली पुन्हा मजुरीचे तास फुगविल्याच्या आरोपावरून ५ कोटी ७७ लाखांहून अधिक रक्कम भरावी लागली. ही प्रकरणे बव्हंशी आतल्या माणसांनी तोंड उघडल्यामुळे उजेडात आली, हे आपण ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. करार ज्यांनी केला त्यांनाच करारावर दावा सांगता येतो, हे आम्ही विधी महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकतो. या तत्त्वाचे फळ कोणाच्या पदरी काय पडले ते पहा. अमेरिकन सरकारने १९८२ च्या कायद्यानुसार वीजकंपन्यांशी करार केला होता की, त्यांच्या अणुभट्ट्यांतील वापरलेले इंधन ३१ जानेवारी १९९८ पासून आम्ही ताब्यात घेऊ. सरकारने ते घेतले नाही, कारण पुरावयास जागाच सिद्ध झाली नाही. कंपन्या न्यायालयात गेल्या. त्यांच्या हाती सहीशिक्क्याचा कागद होता, तारीख होती, खर्चाच्या पावत्या होत्या. आजवर त्यांना १ हजार कोटी डॉलरहून अधिक भरपाई मिळाली आहे.

ज्यांच्या हाती असा कागद नव्हता त्यांचे काय झाले? हॅनफर्डच्या धुराड्यांतून सुरुवातीच्या वर्षांत किरणोत्सर्गी आयोडीन वाऱ्यावर सुटले व आसपासच्या गवतावर पडले. गाईंनी ते गवत खाल्ले आणि मुलांनी त्या गाईंचे दूध प्यायले. लोकांना हे कळले १९८६ साली गुप्त कागद खुले झाल्यावर. १९९० पासून त्यांनी कंपन्यांवर दावे लावले. कंपन्या म्हणाल्या, 'आम्ही सरकारच्या हुकमाप्रमाणे वागलो.' हा बचाव अपील न्यायालयाने फेटाळला, आणि इतक्या धोक्याच्या उद्योगात निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी जबाबदारी टळत नाही असे ठरविले. तरीही शेवटचे दावे तडजोडीने मिटावयास २०१५ साल उजाडले. मधल्या पंचवीस वर्षांत कित्येक वादी वारले. कंपन्यांच्या वकिलांचा खर्च मात्र सरकारी तिजोरीतून होत होता, कारण क्षतिपूर्तीचे कलम युद्धकाळातील कंत्राटातच घातलेले होते. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्यातील १२४ वे कलम याच जातीच्या हमीविषयी आहे. आपल्या वकिलास विचाराल तर तो समजावून देईल.

तेथील मूळ रहिवासी यकामा लोकांपाशी तर १८५५ चा लेखी तह होता. त्यांनी भूमी सोडली, परंतु नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. १९४३ साली त्या नदीकाठाला कुंपण पडले. लेखी करार असूनही दुर्बळाचा कागद बलिष्ठाच्या निकडीपुढे किती टिकतो, याची ही साक्ष आहे.

आणि टाक्यांवर काम करणारा मजूर? टाक्यांतून वर येणाऱ्या वायूंनी डोके गरगरते, छाती भरून येते, नाकातून रक्त येते, अशा तक्रारी तेथे वर्षानुवर्षे होत होत्या. २०१५ साली कामगार संघटना व वॉशिंग्टन राज्य यांनी दावे लावले तेव्हा कोठे २०१८ च्या तडजोडीत वायूंचा बंदोबस्त करण्याचे सरकारने मान्य केले. परंतु आजारी पडलेल्या मजुरापुढचा खरा डोंगर वेगळाच होता. अमुक आजार अमुक टाकीच्या वायूने झाला, हे तो कसे सिद्ध करणार? मोजमापे कंपनीच्या कपाटात, टाकीतील मालाची यादी सरकारच्या दप्तरात, आणि पुराव्याचा भार मजुराच्या खांद्यावर!

२०१८ साली वॉशिंग्टन राज्याच्या कायदेमंडळाने हा भार उचलून दुसरीकडे ठेवला. हॅनफर्डवर ज्याने आठ तासांची एक पाळी जरी केली असेल, त्याला श्वसनाचे, मज्जासंस्थेचे किंवा काही ठराविक प्रकारच्या कर्करोगाचे दुखणे झाले तर ते कामामुळेच झाले असे गृहीत धरावे. तसे नाही हे मालकाने भक्कम पुराव्याने दाखवावे. केंद्र सरकार या कायद्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २१ जून २०२२ रोजी न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. कारण एवढेच की, तो फक्त केंद्राच्या कंत्राटी कामगारांना लागू असल्यामुळे केंद्राविरुद्ध पक्षपात होतो. राज्य तोवर स्वस्थ बसलेले नव्हते. निकालापूर्वीच, मार्च २०२२ मध्ये त्याने नवा कायदा केला व किरणोत्सर्गी घाण हाताळणाऱ्या ठिकाणी काम करणाऱ्या सर्वांनाच, मालक कोणीही असो, तीच सवलत दिली. कायदेमंडळात आपला माणूस कशासाठी असावा, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी सुचत नाही.

हॅनफर्डला काच शेवटी ओतली गेली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, आणि तीही कमी तीव्रतेच्या मालाची. तीव्र मालासाठी न्यायालयाच्या हुकुमातील मुदत २०३३ ची आहे. टाक्यांचे पुढील काम ४,५०० कोटी डॉलर मर्यादेच्या कंत्राटाने दुसऱ्या एका कंपनीसमूहाकडे गेले आहे. २०२३ साली दिलेले हेच कंत्राट एकदा न्यायालयात टिकले नव्हते. सरकारच्या पुरवठादारांच्या यादीतील आपली नोंद चालू ठेवण्यास तो समूह विसरला होता! २०२४ साली ते पुन्हा त्यालाच मिळाले.

हे सारे आपण का वाचावे? हॅनफर्ड १९४६ पासून सुमारे दोन दशके चालविणाऱ्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनेच तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उभारल्या. त्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. घाण काचेत कोंडण्याचे काम तारापूर व तुर्भे येथे आपले अणुशक्ती खाते स्वतः करते. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुने कायदे रद्द करून नवा कायदा केला आणि अणुवीज खाजगी कंपन्यांना खुली केली. सदोष यंत्र पुरविणाऱ्यावर उलट दावा करण्याचा जो हक्क २०१० च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये होता, तो त्या स्वरूपात आता उरलेला नाही. म्हणजे जोखीम कोणाच्या माथी जावी हे यापुढे कंत्राटाच्या कलमांवर बरेचसे अवलंबून राहील, आणि कलमे लिहिताना झाडूवाला, हमाल व पाईप बसविणारा यांना कोणी बोलावणार नाही.

त्यांच्यासाठी एक तरतूद आपल्या कायद्यात पूर्वीपासून आहे. किरणोत्सर्गाने होणारे आजार १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहेत. ते कामामुळे झाले असेच मानावयाचे, मालकाने उलट सिद्ध करीपर्यंत. मात्र एक अट आहे. मजुराने त्याच मालकाकडे सलग सहा महिने काम केलेले असले पाहिजे. दुसऱ्या मालकाकडील तशाच कामाचे दिवस त्यात धरावयाचे नाहीत. आता कंत्राटदार दर तीन महिन्यांनी बदलला तर ते सहा महिने कधी भरणार? वॉशिंग्टनने आठ तासांची एक पाळी पुरेशी मानली. किरणोत्सर्गी घाणीच्या कामापुरती ही सहा महिन्यांची अट काढून टाकावी, आणि मजुराने अंगावर वागविलेल्या मोजणीपट्टीच्या नोंदीची प्रत दर महिन्यास त्याच्या हाती द्यावी, अशी मागणी आपल्या खासदाराकडे लेखी करा. आणि अर्जाची पोच घ्यावयास विसरू नका.