फिरायचे, पण कुठे?

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर, मधुमेह जुना, गुडघे कुरकुरणारे. साखर पुन्हा वाढली होती. गोळ्या लिहून दिल्या आणि सवयीप्रमाणे शेवटी लिहिले, 'रोज अर्धा तास फिरणे.' बाईंनी चिठ्ठी हातात घेतली आणि म्हणाल्या, "साहेब, फिरा म्हणता, पण बाईमाणसानं फिरायचं कुठं? हायवेवर?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. हे वाक्य मी वर्षानुवर्षे लिहीत आलो, पण कुठे फिरायचे ते कधी लिहिले नाही. मुंबई-कोलकाता महामार्ग साकोलीतूनच जातो. त्याच्या कडेने अंधारात ट्रकचा धूर खात फिरा, असे कोणता डॉक्टर सांगेल?

रात्री विचार करता करता लक्षात आले की उत्तर तर डोळ्यांसमोरच आहे. आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. आपल्या भागातले कितीतरी तलाव आणि बोड्या कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी धानाच्या शेतीसाठी बांधल्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव मात्र राहिले. प्रत्येक तलावाला एक पाळ असते. तिच्यावर मोठ्या गाड्यांची वर्दळ नसते, हवा मोकळी असते आणि एका बाजूला पाणी असते. फिरण्यासाठी याहून चांगली जागा पुण्या-मुंबईच्या माणसाला पैसे मोजून मिळत नाही.

आणि दिवसही तसेच आहेत. फाल्गुन-चैत्रात पळस फुललेला असतो, कुसुमाला तांबडी पालवी येते, मोहाचा वास सकाळच्या हवेत भरून राहतो. थंडीत आलेली पाहुणी बदके परतीला लागतात. पण अडई, कमळपक्षी, खंड्या ही घरची मंडळी इथेच असतात. महिनाभरात ऊन असे तापेल की घराबाहेर पडणे नकोसे होईल. म्हणून सुरुवात आत्ताच करावी.

फिरल्याने शरीरात काय होते? चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर वापरू लागतात, म्हणून मधुमेह्याला चालणे औषधासारखे असते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी साखर फार चढत नाही. नियमित चालण्याने रक्तदाब थोडा उतरतो. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि रात्री झोप चांगली लागते. मुलांना तर जरूर सोबत न्यावे. जी मुले रोज बराच वेळ उघड्यावर खेळतात, त्यांना लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता कमी असते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी फिरावे की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. मधुमेह्याने अनवाणी चालू नये. पायाला काटा बोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. चालताना छातीत दुखले किंवा दम कोंडला, तर तिथेच थांबावे आणि लगेच दवाखाना गाठावा. पोहण्यासाठी अनोळखी तलावात उतरू नये. खालचा गाळ आणि खड्डे वरून दिसत नाहीत. आग्या मोहोळाखाली धूर, दगड, आरडाओरड नको. मोहफुले वेचायला जाणाऱ्यांनी पुरते उजाडल्यावर आणि चार जणांच्या सोबतीने जावे, कारण अस्वलालाही मोह आवडतो.

रविवारी सवड असेल तर घरच्या सगळ्यांना घेऊन नवेगावबांधला जावे. कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगितला जाणारा हा तलाव १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेला, पण साकोलीकरांना तो आजही आपलाच वाटतो. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून इथे दिवस काढले आणि 'नवेगावबांधचे दिवस' लिहिले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. सोलापूरहून आलेल्या माणसाने आपले पाणी आणि पाखरे डोळे भरून पाहिली. आपण मात्र उशाशी तलाव असून तिकडे फिरकत नाही. नागझिराही जवळच आहे, पण २०१३ पासून हा सगळा व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे प्रवेशद्वारातून, नियमाप्रमाणेच जावे. पायी फिरण्यासाठी गावचा तलावच बरा.

बाईंचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. कित्येक पाळींवर बेशरम आणि बाभूळ माजली आहे, कुठे प्लास्टिक, कुठे दारूच्या बाटल्या. अशा ठिकाणी बाईमाणूस एकटी कशी जाईल? झुडपे काढणे, दोन दिवे आणि बसायला दोन बाक, याला फार मोठा निधी लागत नाही. ज्यांच्या हाती गावाचा कारभार आहे, त्यांनी एवढे केले तर माझ्यासारख्यांच्या दवाखान्यातली गर्दी थोडी कमी होईल, आणि त्याचे मला दुःख होणार नाही. तोवर चार शेजारणींनी मिळून निघावे. चौघी दिसल्या की पाचवी आपोआप येते.

बाई पुढच्या महिन्यात तपासणीला येतील. त्यांच्या चिठ्ठीवर मी आता पत्ताही लिहिणार आहे : 'रोज अर्धा तास, तलावाच्या पाळीवर, सोबतीने.' आणि खरे सांगायचे तर ही चिठ्ठी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या नावाने लिहिली आहे. दिवसभर खुर्चीत बसून इतरांना 'फिरा' म्हणणाऱ्याचाही रक्तदाब वाढतोच.