ओळखपत्र कोणी मागावे, कोणाकडे मागावे?

आखातात कामाला गेलेला तरुण पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकतो. खिशात पैसे कमी असले तर एक वेळ चालेल, पण इकामा जवळ हवा. सौदी अरबमध्ये मोबाईलचे सिम घ्यायचे तर इकामा दाखवावा लागतो आणि २०१६ पासून बोटाचा ठसाही द्यावा लागतो. दुबईत घरी पैसे पाठवायला एक्सचेंजच्या खिडकीशी उभे राहिले की आधी एमिरेट्स आयडी पुढे करावा लागतो. जपानमध्ये १६ वर्षांवरील परदेशी रहिवाशाने निवासी कार्ड कायम जवळ बाळगले पाहिजे, असा कायदाच आहे. तिथल्या नागरिकाला ती सक्ती नाही.

परक्या मुलुखात राहायचे तर तिथले कायदे पाळावे लागतात, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. तक्रार सुरू होते ती पुढे. जपानच्या कायद्याने ते कार्ड दाखवायचे आहे पोलिसांना, इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांना. भाजी, साबण, चहापत्ती विकणाऱ्याला ते मागण्याचा अधिकार दिलेला नाही. तरीही रांगेतल्या दहा माणसांपैकी वेगळ्या चेहऱ्याच्या एकालाच कोणी ‘कार्ड दाखवा’ म्हणाले, तर तो नियम राहत नाही. तो संशय असतो, आणि बाकीच्या नऊ जणांसमोर उघडपणे केलेला असतो. सामान मिळाले तरी माणूस मान खाली घालून बाहेर पडतो.

बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकरच्या मोहल्ल्यांतून आज कोणी पुण्याला जातो, कोणी भिवंडीला, कोणी रियाधला. जिथे जाल तिथे कागद मागितले जाणार. म्हणून या विषयावर रागाने किंवा भीतीने बोलून भागणार नाही. कागद मागणारा समोर आला की तीन प्रश्न मनात तयार हवेत : मागणारा कोण आहे? कोणत्या कायद्याने मागतो आहे? आणि सगळ्यांकडे मागतो आहे की फक्त माझ्याकडे?

हे प्रश्न आजचे नाहीत. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांवर नोंदणीचा वटहुकूम आणण्यात आला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यायचा आणि पोलिसाने रस्त्यात मागितला की तो दाखवायचा. परवाना दाखवल्याशिवाय व्यापाराचे लायसन्सही मिळणार नव्हते. म्हणजे दुकान चालवणारा माणूस रोजच्या रोज आपण गुन्हेगार नसल्याचा पुरावा देत बसणार. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये हिंदी लोकांची मोठी सभा झाली. तिथे शेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्षी ठेवून या कायद्यापुढे न झुकण्याची शपथ घेण्याचा आग्रह धरला. सत्याग्रहाचा जन्म त्या सभेत झाला, असे मानले जाते. पुढे १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक परवाने एका मोठ्या कढईत जाळण्यात आले. त्या काळी हमीदिया इस्लामिक सोसायटीचे नेतृत्व करणारे इमाम अब्दुल कादिर बावझीर पुढे गांधीजींबरोबर साबरमतीच्या आश्रमात राहायला आले आणि १९३० च्या धारासना मिठाच्या सत्याग्रहात सरोजिनी नायडूंच्या बरोबरीने पुढे उभे राहिले.

या इतिहासातला एक तपशील विसरू नये. त्याच १९०८ साली तडजोड झाली तेव्हा याच लोकांनी स्वखुशीने नोंदणी करून घेतली होती. काळा कायदा मागे घेतला जात नाही असे दिसले, तेव्हाच त्यांनी परवाने जाळले. आपले नाव-गाव सांगायला त्यांची ना नव्हती. एका समाजाला वेगळे काढून, गुन्हेगार समजून केलेली सक्ती त्यांना मान्य नव्हती. आजही रेघ तिथेच ओढायची आहे.

आता आपल्या बाजाराकडे या. आपल्याकडे खरेदी करताना ओळखपत्र लागतच नाही, असे नाही. खामगावची चांदी प्रसिद्ध आहे. तिथे मोठी खरेदी केली तर सराफ पॅन मागतो, कारण दोन लाखांवरच्या व्यवहाराला पॅन सांगण्याचा आयकराचा नियम २०१६ मध्ये आला. औषधाच्या दुकानात काही विशिष्ट औषधे घेताना दुकानदार रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहितो. एच-वन यादीतल्या औषधांसाठी कायद्याने तशी नोंद ठेवावीच लागते. कृषी केंद्रात अनुदानाचे खत घ्यायचे तर पॉस मशीनवर आधार लागतो किंवा दुसरे ओळखपत्र. रेशन दुकानात अंगठा द्यावा लागतो. लोणारचे सरोवर पाहायला आलेला परदेशी पाहुणा मुक्कामाला थांबला, तर लॉजवाल्याला ते सरकारला कळवावे लागते. पण तोच पाहुणा सरोवराच्या काठी चहा प्यायला तर चहावाला त्याचा पासपोर्ट मागत नाही, आणि मागूही नये.

या प्रत्येक ठिकाणी कागद मागण्यामागे लिहिलेला नियम आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे. म्हणून तिथे कोणाला कमीपणा वाटत नाही. पण नियमाच्या आडूनही नको तो प्रश्न विचारला जाऊ शकतो. मार्च २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यात खत घ्यायला गेलेल्या शेतकऱ्यांना पॉस मशीनवर जात विचारली जात असल्याचे उघडकीस आले. तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी तो प्रश्न विधानसभेत मांडला आणि त्यावर गदारोळ झाला. युरियाच्या गोणीशी जातीचा काय संबंध, हे शेतकऱ्याने विचारले आणि ते योग्यच होते.

मग नावाचा आणि धर्माचा भाजीशी काय संबंध? एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला दहशतवाद्यांनी २६ जणांचे प्राण घेतले. मारेकऱ्यांनी धर्म विचारून गोळ्या घातल्या, असे वाचलेल्यांनी सांगितले. अवघा महाराष्ट्र शोकात होता. त्यानंतर काही दिवसांतच दापोलीत राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी जाहीरपणे सांगितले की, खरेदीआधी दुकानदाराला धर्म विचारा, हिंदू म्हणाला तर हनुमान चालीसा म्हणायला लावा. ज्या प्रश्नाने पहलगामच्या कुरणात माणसे मारली, तोच प्रश्न आठवडी बाजारात विचारायचा, हा मारेकऱ्यांना दिलेला जबाब होऊ शकत नाही. ती त्यांनी घातलेली रीत पुढे चालवणे झाले.

याआधी जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरील खाद्यपदार्थांच्या दुकानदारांना मालकांची नावे ठळक लावण्याचा आदेश निघाला. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. पदार्थ कोणता आहे ते सांगा, पण नावे लावण्याची सक्ती करू नका, असे न्यायालयाचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करण्याचा ठराव केला. तो ठराव प्रशासनाने रोखला. ही दोन्ही उदाहरणे लक्षात ठेवा. अन्याय झाला आणि त्याला कायद्याने अडवताही आले.

अडवता आले, कारण राज्यघटनेत त्याची तजवीज आहे. कलम १५ च्या दुसऱ्या खंडात ‘दुकान’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, रस्ता वापरायला मज्जाव करता येत नाही. घटना समितीत चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचे सांगितले होते. सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो. ज्यांच्या पूर्वजांना दुकानाच्या पायरीवर चढू दिले नव्हते, त्यांनी तो शब्द घटनेत ठेवला. कोणताही धंदा करण्याचा हक्क कलम १९ देते. कोणाकडून माल घ्यायचा ही गिऱ्हाइकाची मर्जी आहे, तिथे कोणी जबरदस्ती करू शकत नाही. पण हातगाडी अडवणे, धमकावणे, धर्म वदवून घेणे ही मर्जी नाही. वाट अडवणे आणि धमकी देणे भारतीय न्याय संहितेत गुन्हाच आहे.

तरुण मित्रांनो, आता कामाचे बोलू.

पहिली गोष्ट, घरातले कागद नीट करा. आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला यांवरच्या नावांत फरक असेल तर आजच दुरुस्तीला टाका. आपल्याकडे ‘शेख’ कुठे पुढे तर कुठे मागे लागतो, ‘बी’ आणि ‘बेगम’ची अदलाबदल होते, आणि पुढे त्याच एका अक्षरासाठी चकरा माराव्या लागतात. हातगाडीवाल्या भावांनी नगरपालिकेकडून विक्री प्रमाणपत्र घ्यावे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तो त्यांचा हक्क आहे. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांनी अन्न परवाना काढून समोर लावावा. पालिकेच्या किंवा अन्न विभागाच्या अधिकाऱ्याने हे कागद मागितले तर ते दाखवायचे, त्यात वाद घालायचा नाही.

दुसरी गोष्ट, आधार म्हणजे काय ते समजून घ्या. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार कायद्यातच म्हटले आहे. देशात ठरावीक काळ राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळू शकते. त्यामुळे ‘आधार दाखव, तू इथला आहेस का बघू’ म्हणणाऱ्याला कायदाही कळलेला नाही आणि आधारही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी कंपन्यांना वाटेल तसे आधार वापरू देणारी तरतूद रद्द केली. कोठे प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्या. मॉलमध्ये बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानदारांना कळवले आहे. नंबर द्यायचा नसेल तर नाही म्हणा. परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाने तो कपाटात कोंडून ठेवायचा नसतो.

तिसरी गोष्ट, अडवणारा अधिकारी नसेल तर आवाज न चढवता विचारा, ‘आपण कोण? कोणत्या नियमाने मागता?’ एकट्याने भांडू नका, साक्षीदार जवळ बोलवा, तारीख-वेळ-ठिकाण लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गरजूंना मोफत वकील देते. त्यांचा फोन क्रमांक १५१०० आहे. दुकानदाराने फसवले असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. व्हॉट्सअॅपवर शंभर जणांना व्हिडिओ पाठवून जे होत नाही, ते एका नोंदवलेल्या तक्रारीने होते.

चौथी गोष्ट जड आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या मोहल्ल्यात घोंगडी, गालिचे किंवा फुगे विकायला परप्रांतीय माणूस येतो, तेव्हा त्याला कसे विचारतो आपण? बिहारचा, बंगालचा मजूर खोली भाड्याने मागतो तेव्हा त्याची भाषा ऐकून कपाळाला आठी पडते का? फकीर, पारधी, वैदू बाई दुकानात आली की गल्ल्यावरचा माणूस तिच्या हातांकडे पाहत राहतो का? भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असेल तर सगळ्या भाडेकरूंची द्या. गरिबाचीच आणि परक्याचीच देणार असाल, तर दापोलीच्या भाषणावर आक्षेप घ्यायला आपल्याला तोंड उरत नाही. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये कौमे आणि कबिले एकमेकांची ओळख व्हावी म्हणून आहेत, असा विचार आहे, आणि त्याच सूरहमध्ये संशयापासून दूर राहण्याची ताकीदही आहे. ओळख करून घेणे आणि ओळखपत्र तपासणे यांत काय फरक आहे, हे आपल्याला कोणी बाहेरच्याने शिकवायला नको.

आपल्या जिल्ह्याला याची जुनी सवय आहे. सैलानीच्या यात्रेला सगळ्या धर्मांची माणसे येतात. नारळ विकणाऱ्याचे नाव काय आणि घेणाऱ्याचे काय, हे विचारण्याची तिथे रीत नाही. शेगावला उतरणाऱ्या वारकऱ्याने रिक्षावाल्याला आधी भाडे विचारायचे असते, धर्म नाही. ही रीत कोणत्याही सरकारने आदेश काढून घालून दिलेली नाही. ती लोकांनी रोज थोडी थोडी पाळली म्हणून टिकली, आणि लोकांनी पाळायचे सोडले तर कोणताही आदेश तिला वाचवू शकणार नाही.

येत्या आठवडी बाजारात जाल तेव्हा भाजीवाल्या मावशीला भाव विचारा आणि तब्येत कशी आहे तेही विचारा. कोणी एखाद्या हातगाडीवाल्याला धर्म विचारताना दिसला, मग तो हातगाडीवाला कोणत्याही धर्माचा असो, तर तिथून पुढे निघून जाऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.