नकाशावरील आपली जागा

झोपडी पाडावयास माणसे आली म्हणजे आपण जागे होतो. परंतु तिचा निकाल पुष्कळदा कित्येक वर्षे आधीच नकाशावर लागलेला असतो. बंधुभगिनींनो, १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यान्वये शहराचा विकास आराखडा तयार होतो. कोणती जमीन वसतीस, कोणती रस्त्यास राखावयाची हे तोच ठरवितो. मंजुरीपूर्वी त्याचे प्रारूप प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती मागविणे बंधनकारक आहे. त्या मुदतीत धनिकांचे वकील हजर असतात; आपली वस्ती मात्र गैरहजर!

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन व गलिच्छ वस्त्यांची सुधारणा हे विषय नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत घातले. २०१३ साली राज्य शासनाने दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी नियम केला की, चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के हिस्सा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या लहान घरांसाठी ठेवावा. नियम चांगला आहे. पण मागणाऱ्यावाचून कोणताही नियम आपल्या दारी चालत येत नाही.

म्हणून प्रारूप प्रसिद्ध होताच वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी नकाशा पाहावा, आपल्या जागेवर कोणते आरक्षण दाखविले आहे ते सर्वांस वाचून दाखवावे. प्रत्येक कुटुंबाने लेखी हरकत द्यावी, तिची पोच जपावी व सुनावणीस जावे.

गावकुसाबाहेरची जागा आपल्या पूर्वजांसाठी दुसऱ्यांनी ठरविली. आपल्या मुलांची जागा ठरेल तेव्हा आपण तेथे उपस्थित असलेच पाहिजे.