कोलिऊरच्या किनाऱ्यावरची मास्तरांची कबर

या खेपेला आपण फ्रान्सच्या दक्षिण टोकाला जाणार आहोत. गावाचे नाव कोलिऊर. भूमध्य समुद्राच्या काठी, स्पेनच्या सरहद्दीजवळ, पिरेनीज पर्वत जिथे समुद्रात उतरतो तिथे हे गाव वसले आहे. वस्ती तीन हजारांच्या आत. पर्पिन्याँ शहरातून आगगाडीत बसले की अर्ध्या तासाच्या आत कोलिऊरचे छोटेसे स्टेशन येते. हे स्टेशन लक्षात ठेवा. पुढे त्याची गोष्ट येणार आहे.

स्टेशनातून उताराने चालत गेले की समोर समुद्र दिसतो. उजवीकडे-डावीकडे गुलाबी, पिवळी, निळी घरे. मध्यभागी, अगदी पाण्याला पाय लावून, मोठा दगडी किल्ला उभा आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांत मायोर्काचे राजे उन्हाळ्यात येथे राहायला येत. १६५९ च्या तहाने हा मुलूख स्पेनकडून फ्रान्सकडे गेला. मग वोबाँ नावाच्या फ्रेंच किल्लेबांधणी तज्ज्ञाने किल्ला आणखी भक्कम केला आणि त्यासाठी त्या काळचे गावातले चर्च पाडले. नवे चर्च सतराव्या शतकाच्या शेवटी पाण्याच्या काठावर बांधले गेले. त्याचा घंटेचा मनोरा पूर्वी जहाजांना वाट दाखवीत असे. आज प्रवासी सगळ्यात जास्त फोटो काढतात ते याच मनोऱ्याचे.

राजे येऊन गेले, पण गाव जगले ते मासळीवर. अँचोवी नावाचा बोटभर लांबीचा मासा, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातलाच. पुरुष रात्री होड्या घेऊन जात. पहाटे मासळी आली की बायका कामाला लागत. माशाचे डोके मोडायचे, त्याबरोबरच आतडी ओढून काढायची, मग पिंपात मिठाचा एक थर आणि माशांचा एक थर असे रचत जायचे. वर वजन ठेवून काही महिने मुरू द्यायचे. हे सारे हाताने. दिवसभर मिठाच्या पाण्यात बोटे ठेवली की त्यांचे काय होते, हे बाजारात मासळी विकणाऱ्या आपल्या मायबहिणींना सांगायला नको. एकेकाळी गावात असे डझनावारी कारखाने होते. आज दोनच घराणी हा धंदा चालवतात. तिरक्या शिडाच्या रंगीत होड्या अजून किनाऱ्यावर दिसतात, पण त्या आता मासेमारीपेक्षा शोभेसाठी आहेत. गावामागच्या डोंगरावर द्राक्षांचे मळे आहेत. त्यांचे बांधही कष्टकऱ्यांनी चुन्याशिवाय दगडावर दगड ठेवून रचले आहेत.

१९०५ च्या उन्हाळ्यात या गावात मातीस आणि देरें हे दोन चित्रकार आले. त्यांनी समुद्र गुलाबी रंगवला, होड्या लाल केल्या, झाडे निळी केली. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ही चित्रे लागली तेव्हा एका समीक्षकाने या मंडळींना 'रानटी जनावरे' म्हटले. पुढे तेच नाव त्या चित्रशैलीला मानाने चिकटले. मातीसने येथे काढलेले उघड्या खिडकीचे चित्र आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. खिडकीच्या कठड्यावर फुलझाडांच्या कुंड्या आणि पलीकडे बंदरातल्या होड्या. गावात ज्या जागी उभे राहून चित्रे काढली, तिथे त्यांच्या प्रती लावून ठेवल्या आहेत. पोराबाळांना घेऊन फिरायला यासारखी छान वाट नाही.

परंतु या गावात एक दुसरी खिडकीही आहे. तिचे चित्र कोणी काढलेले नाही.

१९३९ सालचा जानेवारी. स्पेनमध्ये लोकांनी निवडून दिलेले सरकार जनरल फ्रँकोच्या फौजांपुढे हरत होते. सुमारे पाच लाख माणसे थंडी-पावसात सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये आली. त्यांत आंतोनियो माचादो नावाचे कवी होते. पेशाने ते शाळामास्तर. गावोगावच्या शाळांत त्यांनी वर्षानुवर्षे फ्रेंच शिकवले. १९१९ मध्ये सेगोव्हिया शहरात कामगारांना मोफत शिकता यावे म्हणून जे लोकविद्यापीठ निघाले, त्याच्या संस्थापकांत ते होते. वय त्रेसष्ट, दम्याने पोखरलेले शरीर, बरोबर ऐंशी ओलांडलेली आई, भाऊ आणि भावजय. कागदपत्रांची पेटी वाटेतच गेली होती. २८ जानेवारीच्या संध्याकाळी ही चार माणसे कोलिऊरच्या स्टेशनावर उतरली आणि जवळच्या एका साध्या खाणावळवजा हॉटेलात राहिली. मालकीणबाईंनी त्यांना आपुलकीने सांभाळले.

त्या स्टेशनावर रेल्वेचा एक कर्मचारी कामाला होता. हॉटेलच्या वहीत त्याने हे नाव वाचले आणि तो थबकला. रात्रीच्या वर्गात तो स्पॅनिश शिकला होता. त्या वर्गात याच नावाच्या कवीच्या कविता त्याने आपल्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. भीत भीत त्याने विचारले, ते कवी आपणच का? मास्तर म्हणाले, होय, मीच. मग त्याने आपल्या घरची पुस्तके त्यांना वाचायला आणून दिली.

बंधू-भगिनींनो, जरा विचार करा. सरहद्दीवर त्या दिवसांत पोलीस होते, अधिकारी होते, मोठमोठे शिकलेले लोक होते. त्यांना दिसली ती निर्वासितांची गर्दी. या माणसाला ओळखले ते दिवसभर राबून रात्रशाळेत शिकलेल्या एका रेल्वे कामगाराने. आपल्या चाळीतल्या कितीतरी जणांनी दिवसा गिरणीत किंवा गोदीत काम करून रात्री दिव्याखाली धडे गिरवले आहेत. शिक्षण कशासाठी, असे पोराने विचारले तर ही गोष्ट त्याला सांगा.

दोघे भाऊ जेवायला एकदम खाली येत नसत. सांगतात की अंगावरचा सदरा धुवायला पडला की दुसरा नव्हता, म्हणून ते आळीपाळीने येत. हे शेजारच्या दुकानदारीण बाईंच्या लक्षात आले आणि त्यांनी कपडे दिले. एके दिवशी मास्तर भावाच्या आधाराने समुद्रापर्यंत गेले. किनाऱ्यावरच्या होडीवर बसले. समोरच्या कोळ्यांच्या घरांकडे पाहून ते म्हणाले की यातल्या एखाद्या खिडकीमागे सगळ्या काळज्यांतून सुटून राहता आले तर किती बरे होईल. हीच ती दुसरी खिडकी.

२२ फेब्रुवारी १९३९ रोजी मास्तर गेले. तीनच दिवसांनी आईही गेली. शेजारच्या त्याच बाईंनी रातोरात स्पेनच्या प्रजासत्ताकाचा झेंडा शिवला. तो शवपेटीवर घातला गेला. खांदा दिला तो किल्ल्यात अडकवून ठेवलेल्या स्पॅनिश सैनिकांनी. होय, तोच राजांचा किल्ला. त्या मार्चपासून वर्षअखेरपर्यंत तो निर्वासितांसाठी कडक शिक्षेची छावणी होता. आज तिकीट काढून आत जाणाऱ्याने हेही आठवावे. शेजारच्या आर्जेलेस गावात तर उघड्या वाळूवर, तारेच्या कुंपणात, सुमारे एक लाख माणसे कोंडली होती. पण त्याच मुलखात एल्न या गावी एलिझाबेथ आयडेनबेन्झ या स्विस शिक्षिकेने प्रसूतिगृह चालवले. १९३९ ते १९४४ या काळात तिथे ५९७ बाळे सुखरूप जन्मली. कुंपण घालणारीही माणसेच आणि त्या कुंपणाबाहेर आईला अंथरूण देणारीही माणसेच.

फ्रँकोच्या राजवटीने १९४१ मध्ये मेलेल्या मास्तरांना नोकरीतून काढून टाकले. मेलेल्या माणसाचीही भीती वाटत होती म्हणायची! तो हुकूम रद्द व्हायला १९८१ साल उजाडले. मास्तरांना पहिल्यांदा पुरले ते मालकीणबाईंच्या मैत्रिणीने उसन्या दिलेल्या जागेत. १९५८ मध्ये लोकवर्गणीतून त्यांची स्वतःची कबर झाली. आई आणि लेक तिथे एकत्र आहेत. २०१९ मध्ये, ऐंशी वर्षांनी, स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ तिथे फुले घेऊन आले.

कबर गावाच्या मधोमध आहे, शोधावी लागत नाही. तिच्याजवळ एक टपालपेटी आहे. शाळेची मुले, शिक्षक, निर्वासितांची नातवंडे येतात आणि मास्तरांना लिहिलेली पत्रे तिच्यात टाकतात. गावातली संस्था ती पत्रे जपून ठेवते. ज्यांना राहायला एक खिडकी मिळाली नाही, त्यांच्या नावाने आजही टपाल येते.

आपल्याला कोलिऊरला जाणे जमेल न जमेल. पण आज संध्याकाळी घरात हे वाचून झाले की मुलांना एवढे जरूर विचारा: आपल्या दारात उद्या कोणी भिजलेला, अनोळखी माणूस आला, तर त्याला ओळखण्याइतके आपण शिकलो आहोत का?