१०८ घागरी

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे तीन शब्द हमखास येतात: आमिष, दबाव, बाहेरचा पैसा. माणूस आपल्या रोजच्या जगण्यातूनही धर्म बदलू शकतो, ही शक्यता कुणी विचारातच घेत नाही. अशांनी एकदा महाडचा हिशेब तपासावा.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे नगरपालिकेचे. ते सर्वांना खुले, असा पालिकेचा ठराव १९२४ पासून कागदावर होता. त्यांनी तो फक्त वापरला. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली, जेवायला बसलेल्यांवर लाठ्या चालल्या. हे सगळे पुस्तकांत आहे. मला थांबावेसे वाटते ते पुढच्या तपशिलापाशी. तळे शुद्ध करण्यात आले. शेण, गोमूत्र, दूध, दही आणि मंत्र. घागरी १०८.

म्हणजे कुणीतरी त्या मोजल्या. माणसाच्या ओंजळीने पाणी किती बाटते, याचे माप ठरलेले होते. त्याच तळ्यावर गुरे पाणी पीत, इतर धर्मांचे लोक पाणी भरत. त्यासाठी एकही घागर लागत नव्हती.

पाणी नाकारले जाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट होती. नवी होती ती ही मोजणी. सत्याग्रहींना तेव्हा धर्म सोडायचा नव्हता, धर्मातच जागा हवी होती. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेच्या मांडवात गांधीजींचे छायाचित्र होते. त्याच परिषदेत २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. पुढे काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा झाली. चवदार तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला तो १७ मार्च १९३७ रोजी. क्रम नीट पाहा. पाण्याचा हक्क मिळाला तोवर श्रद्धा उठलेली होती. न्यायालय तळे परत देऊ शकत होते, ती नाही. १९५६ ची नागपूरची दीक्षा पुढची. यात आमिष कुठले? दबाव कुणाचा?

आता त्याच महाडची औद्योगिक वसाहत पाहा. रासायनिक कारखाने, सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, प्रक्रियेनंतरचे पाणी नळावाटे सावित्रीच्या खाडीत. मासे मेल्याची तक्रार होते, नमुने जातात, पुढच्या तक्रारीपर्यंत शांतता. ही सावित्री महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून येते आणि हरिहरेश्वरापाशी समुद्राला मिळते. उगमाला तीर्थ, मुखाला तीर्थ. मधल्या वाटेवर मात्र तिच्या शुद्धीची जबाबदारी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. रसायनांसाठी कुणी घागरी मोजल्याचे ऐकिवात नाही.

मंत्र म्हणून रसायन जात नाही, हे सगळ्यांनाच कळते. माणसाचा स्पर्शही तसा जात नव्हता, तरी म्हटले होते.

खाडीत जाळे टाकणाऱ्याचे यावर काय मत असेल, ते तो सभेत सांगायला येणार नाही. नदीला आई म्हणायचे आणि पोरांना तिच्यात उतरू द्यायचे नाही, हे त्याच्या घरात रोज घडत असेल, तर त्याच्या मनातली आई कधी आणि कशी मागे सरते, याची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही. १९२७ मध्येही झाली नव्हती. येवल्याची घोषणा ऐकून अनेक धर्ममार्तंड दचकले, कारण आठ वर्षे त्यांचे लक्ष दुसरीकडे होते.

धर्मरक्षणाच्या सभा हल्ली खूप होतात. एक महाडला घ्यावी. चवदार तळ्याचे सुशोभीकरण झाले आहे, तिथे नको. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठी घ्यावी, आणि पाणी तिथलेच प्यावे.