नोकरी गेली, संघ गेला, आता मैदानही?

बंगळूरच्या विमान कारखान्याचा, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, फुटबॉल संघ २०१२ साली आय-लीगच्या तक्त्यात तळाला राहिला आणि देशाच्या पहिल्या श्रेणीतून बाहेर पडला. त्या श्रेणीत तो पुन्हा परतला नाही. रेल्वे आणि टपाल कामगारांच्या मासिकात फुटबॉलचा अग्रलेख कशाला, असे काही बंधू विचारतील. या संघाची हकीकत ही खरे तर कायम नोकरीची हकीकत आहे. आणि ती आपल्या वसाहतीच्या कुंपणापर्यंत येऊन पोचली आहे.

बंगळूरला फुटबॉल आणला छावणीतल्या गोऱ्या शिपायांनी, पण तो वाढवला आजूबाजूच्या वस्त्यांतल्या गरीब पोरांनी. मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षे गोऱ्या पलटणीच ती जिंकत राहिल्या. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने हा चषक पटकावला. रोव्हर्स जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. पुढच्याच वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा फ्रान्सविरुद्ध एकमेव गोल करणारा सारंगपाणी रामन हा याच शहराच्या मातीतला.

परंतु नुसत्या चषकाने चूल पेटत नाही. खेळाडूला पोटाचा आधार दिला तो सरकारी कारखान्यांनी. विमान कारखान्याची सुरुवात २३ डिसेंबर १९४० रोजी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने केली, हे मराठी माणसाने विसरू नये. नाशिकजवळच्या ओझरचा मिग कारखानाही याच कंपनीचा. युद्ध संपल्यावर याच बंगळूरच्या कारखान्यात रेल्वेचे डबे तयार होत. पुढे ते काम बीईएमएलकडे गेले. टपाल व तार खात्यातल्या जुन्या बांधवांना तर आयटीआय हे नाव सांगायला नको. आपल्या कार्यालयांतले काळे, तबकडीचे टेलिफोन १९४८ साली सुरू झालेल्या त्या कारखान्यातून येत. कृष्णराजपुरम स्टेशनाजवळ दूरवाणीनगर ही त्याची वसाहत.

या दोन्ही कारखान्यांचे फुटबॉल संघ होते आणि दोघांचाही दरारा होता. रीत सरळ होती. वस्तीतला चांगला खेळणारा मुलगा हेरायचा, त्याला कारखान्यात चिकटवायचे, सकाळ-संध्याकाळ सराव आणि मधल्या वेळेत काम. पगार, क्वार्टर, दवाखाना, भविष्य निर्वाह निधी सगळे इतर कामगारांप्रमाणे. गुडघा मोडला, वय झाले, तरी तो रस्त्यावर येत नसे. बूट काढून ठेवायचे आणि आपल्या खात्यात हजर व्हायचे. त्याचा मुलगा त्याच वसाहतीच्या मैदानावर चेंडू मारायला शिके. १९६७-६८ आणि १९६८-६९ अशी लागोपाठ दोन वर्षे म्हैसूर राज्याने संतोष ट्रॉफी जिंकली ती अशा व्यवस्थेच्या काळात. आपली रेल्वे यात मागे नव्हती. १९६१-६२, १९६४-६५ आणि १९६६-६७ असे तीन वेळा रेल्वेच्या संघाने संतोष ट्रॉफी जिंकली. रोम ऑलिंपिकमध्ये भारताचा कर्णधार असलेला पी. के. बॅनर्जी हा ईस्टर्न रेल्वेचा कर्मचारी होता.

मग बिघडले कोठे? १९९१ नंतर नव्या आर्थिक धोरणाने सरकारी कारखान्यांतील कायम भरती आखडली. टेलिफोनच्या धंद्यात खाजगी आणि परदेशी कंपन्या उतरल्या, आयटीआय तोट्यात गेली, माणसे स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी गेली. जुना गेला की त्या जागी नवा भरायचा नाही, असे धोरण असेल तर खेळाडू तरी कोठून येणार? फुटबॉलचा संघ दर चार-पाच वर्षांनी तरुण व्हावा लागतो. भरती थांबली की संघ म्हातारा होतो. ज्या धोरणाने गँगमनची आणि सॉर्टरची जागा रिकामी ठेवली, त्याच धोरणाने सेंटर फॉरवर्डची जागाही रिकामी ठेवली.

तरीही विमान कारखान्याच्या संघाने २०१० साली पहिल्या श्रेणीत जागा मिळवली आणि दोन हंगाम टिकवली. समोर कोट्यवधी रुपयांचे, परदेशी खेळाडू आणणारे क्लब आणि इकडे संघाचा कणा म्हणजे कंपनीच्या नोकरीतली इथलीच मुले. हा सामना बरोबरीचा नव्हता. त्याच सुमारास इतर संघही एकामागून एक गेले. २०१० मध्ये मुंबईचा महिंद्र युनायटेड बंद झाला. २०११ मध्ये फगवाड्याच्या जेसीटी गिरणीचा संघ बंद झाला. दोघेही एकेकाळचे राष्ट्रीय विजेते. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना क्लब परवान्याच्या अटी पुऱ्या करत नाहीत म्हणून आय-लीगमधून वगळण्यात आले. म्हणजे तीन-चार वर्षांत कामगारांच्या संघांची फळीच साफ झाली.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कारखान्याचे काम विमान बनवणे, रेल्वेचे काम गाडी चालवणे. फुटबॉल ज्यांचा धंदा आहे त्यांनी तो चालवावा. २०१३ साली स्थापन झालेल्या बंगळूर एफसीने अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल स्टेडियमवर खेळून पहिल्याच वर्षी आय-लीग जिंकली, हे उदाहरणही दिले जाते. ते खरे आहे, आणि त्या मुलांच्या यशाचा आम्हाला आनंदच आहे. कंपन्यांच्या संघांत सारेच चांगले होते असेही नाही. वशिला होता, आणि खेळाडूला सवलत मिळते म्हणून शेजारच्या कामगाराची कुरकुरही होती. पण आम्ही एकच विचारतो. दोन-तीन वर्षांच्या करारावर खेळणाऱ्या मुलाचा पाय मोडला तर त्याच्या घरची चूल कोण पेटवणार? विमान कारखान्यात या प्रश्नाला उत्तर होते. करारात ते नाही. आणि पैसा नाही म्हणावे, तर हीच कंपनी २०२४ साली महारत्न झाली. अडले ते पैशापायी नव्हे, धोरणापायी.

आता आपल्या दाराशी काय चालले आहे ते पाहा. २०२१ साली केंद्र सरकारने सरकारी मालमत्तेतून पैसा उभा करण्याची योजना जाहीर केली. ४०० स्टेशने आणि ९० प्रवासी गाड्यांबरोबर रेल्वेची १५ क्रीडा मैदाने व स्टेडियम त्या यादीत होती, आणि काही रेल्वे वसाहतीही. व्यापारी विकासासाठी ज्यांचा विचार व्हायचा होता, त्यांत मुंबईची परळ आणि महालक्ष्मी होती, तसेच बंगळूरचे यलहंकाही होते. परळचा कामगार जिथे खेळला, जिथे त्याच्या मुलाबाळांनी धावण्याच्या शर्यती लावल्या, ती जागा हिशेबाच्या वहीत "वापरात नसलेली मालमत्ता" ठरायला किती वेळ लागतो?

मैदान कधीही एका दिवसात जात नाही. आधी माळी निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही. मग पाणी बंद होते, गवत वाढते, कोपऱ्यात भंगार आणि खडी येऊन पडते. संघ दुसरीकडे सरावाला जातो. मग साहेब येऊन पाहतात आणि म्हणतात, इथे तर कोणी खेळतच नाही. त्यानंतर येते ती निविदा.

खेळातून काही निघत नाही असे म्हणणाऱ्यांना कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेकडे बोट दाखवावे. मध्य रेल्वेच्या पुणे विभागातल्या या तिकीट तपासनीसाने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक आणले. अशी गुणी पोरे आपल्या प्रत्येक वसाहतीत आहेत. त्यांना आधी मैदान आणि नंतर नोकरी हवी.

म्हणून प्रत्येक शाखेने तीन गोष्टी ताबडतोब कराव्यात. पहिली, आपल्या वसाहतीतील आणि इन्स्टिट्यूटच्या मैदानाची जमिनीच्या कागदावर कशी नोंद आहे ते पाहून तिची प्रत शाखेच्या दप्तरी ठेवावी. दुसरी, मैदानाची देखभाल आणि क्रीडा कोट्यातील रिकाम्या जागा हे विषय पीएनएमच्या कार्यक्रमपत्रिकेवर लेखी घालावेत. टपालातील बांधवांनी आपल्या बैठकांत तेच करावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, मैदान वापरावे. रविवारी सामने लावा, मुलांना बोलवा, महिलांचे खेळ घ्या, कंत्राटी कामगारांनाही संघात घ्या. रोज शंभर पोरे जिथे खेळतात, त्या जागेला "वापरात नाही" असा शेरा मारण्याची हिंमत कोणत्याही अधिकाऱ्याला होत नाही.

बंगळूरच्या कारखान्यांत भरती थांबली तेव्हा ती केवळ पगाराची बाब वाटली. संघ गेले तेव्हा ती केवळ खेळाची बाब वाटली. मैदानाच्या वेळी तरी अशी फसगत होऊ देऊ नका. कायम भरतीचा लढा आणि मैदानाचा लढा हे दोन लढे नाहीत, तो एकच लढा आहे, आणि तो संघटनेलाच लढवायचा आहे.